नाथाजीची डावी टाच

“आता मी जे सांगनार हाय ते तुमाला पटायचं न्हाई. पटावं असा माझा हट्ट बी न्हाई. ज्याला पटंल त्यानं पालथं निजावं.”

कुठल्याही घरात शिरताना नाथाजी वहाणा काढायच्या आधी हे वाक्य टाकायचा. मग घरची माणसं गोळा व्हायची, दुखणेकरी कण्हायचा थांबायचा आणि आत चुलीवर गुळाच्या चहाचं आधण चढायचं.

आधी पाय आणि मागून डोकं, अशा उलट्या रीतीनं जगात आलेल्या माणसाला पायाळू म्हणतात. कंबरेत उसण भरून माणूस वाकडा झाला की पायाळूनं त्याच्या कंबरेत लाथ घालायची, म्हणजे उसण निघून जाते. हे साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठच्या प्रत्येक शहाण्या माणसाला ठाऊक होतं. फक्त नाथाजीचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. कारण तो पायाळू नव्हता.

मागल्या लढाईत तो बसऱ्याला पलटणीत लांगरी होता. तिथं त्यानं वीस वर्षं पुरेल एवढी डाळ शिजवली आणि परत आल्यावर पुन्हा पळीला हात लावायचा नाही अशी शपथ घेतली. दुसरं काही येत नव्हतं. कराडच्या बाजूला एका लग्नात पंगतीला जायच्या घाईत तो सोप्यात पालथ्या पडलेल्या एका म्हाताऱ्याच्या कंबरेला अडखळून आपटला. म्हातारा ओरडला, उठला आणि सरळ उभा राहिला. “पायाळू हाईस काय रं?” त्यानं विचारलं. नाथाजीनं पंगतीकडं बघितलं. बुंदी वाढायला सुरुवात झाली होती. “व्हय,” तो म्हणाला.

त्याला आता बावीस वर्षं झाली होती. पायाळूला मोबदला द्यायचा नसतो, दिला तर दुखणं परत येतं, असं पूर्वी कुणीतरी ठरवून ठेवलेलं. त्या अनोळखी माणसाला नाथाजी रोज सकाळी उठल्यावर शिवी घालायचा. पण जेवू घालायला बंदी नव्हती, आणि बरं होऊ घातलेला माणूस कोंबडं कापताना मागंपुढं बघत नाही. नाथाजीला ना जमीन होती ना बायको, भावांनी तर त्याचं नावच टाकलेलं. जगाच्या पाठीवर त्याच्या मालकीची ही एक डावी टाच होती. ती खोटी आहे हे ज्या दिवशी उघडं पडेल त्या दिवशी या बावीस वर्षांतली कुठलीच चूल त्याला ओळख देणार नव्हती.

एवढं असूनही ज्यांचं अन्न खायचा त्या दुखणेकऱ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता. चांगला पाच गावांचा न्याय करणारा माणूस, पण दाढ ठणकली की रिंगणीच्या बियांचा धूर नळीनं तोंडात घेतो आणि वाटीत पडलेली राख दाखवून ‘हे बघा किडे’ म्हणून घरभर फिरतो. अर्धशिशीवाला सूर्य उगवायच्या आत जिलबी खायला मिळावी म्हणून हलवायाला झोपेतून उठवतो. मुतखडेवाला दिवसभर कुळथाचं कढण पितो आणि जो भेटेल त्याला आपल्या खड्याचा आकार बोटांनी दाखवतो, दर खेपेला थोडा मोठा. आणि मूळव्याधवाला तर ज्याच्याशी बोलू नये त्याच्याशीच आपल्या दुखण्याबद्दल बोलतो. दुखणं आलं की अक्कल आधी पळते, असं नाथाजीचं मत होतं. वैद्य-डॉक्टरांबद्दलही त्याचं मत फारसं वेगळं नव्हतं. त्यांची अक्कल पळण्याआधी मुळात होती का, एवढाच त्याचा प्रश्न होता.

त्या वर्षीच्या पौषात त्याला लालासाहेबांचं बोलावणं आलं. सांगलीच्या अलीकडं, अगदी नदीला लागून, त्यांचा चाळीस बिघे ऊस. थोरला मुलगा हरी लढाईवर इटलीत. घरी गुऱ्हाळ लागलेलं, आणि भर गुऱ्हाळात, माणसं कामाला नाहीत म्हणून, लालासाहेबांनी स्वतः गुळाची ढेप उचलायला हात घातला. ढेप जागची हलली नाही. लालासाहेब मात्र जे वाकले ते वाकलेलेच राहिले.

नाथाजी सोप्यात आला तेव्हा ते घोंगड्यावर पालथे पडून जमिनीशी बोलत होते. कंबरेवर सांगलीच्या डॉक्टरानं चिकटवलेली काळी पट्टी होती आणि पट्टीच्या कडेनं वाईच्या चिंतामणशास्त्री वैद्यांचा लेप वाळून त्याचे पोपडे निघत होते.

“डॉक्टर काय म्हनला?” नाथाजीनं विचारलं.

“पडून ऱ्हावा म्हनला.” लालासाहेब जमिनीला म्हणाले. “अरं, मी उभा ऱ्हाऊ शकत असतो तर तुला बोलीवला असता व्हय?”

“आन् वैद्य?”

“वात हाय म्हनला.”

“त्यांच्याकडं वाताबिगार काय नसतंच,” नाथाजी खाली बसत म्हणाला. “दात गेला, वात. केस गेलं, वात. बायको माहेरी गेली, वात.”

लालासाहेबांना हसू आलं आणि हसण्याची कळ कंबरेत गेली. ते ओरडले. त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी, आतून दटावलं, “आवं बाबा, हसवू नगा त्यास्नी! आधी लाथ घाला, मग काय ती मजा करा.”

पण लाथेआधी गोष्ट झाली पाहिजे, हा नाथाजीचा नियम होता. नुसती लाथ गाढवही मारतं. माणसाचा विश्वास बसल्याशिवाय कंबर सैल पडत नाही, आणि खोट्या गोष्टीइतका विश्वास खऱ्या गोष्टीवर बसत नाही, हे एवढं वैद्यक तो बावीस वर्षांत शिकला होता.

“तर मी काय सांगत हुतो,” त्यानं सुरुवात केली, “तुमाला पटायचं न्हाई. कोयनेला म्हापूर. माझी आई नऊ म्हयन्यांची, डोक्यावर गवताचा भारा, आन् नदीच्या मधल्या धारंत. पानी गळ्याला लागलं आन् तिला कळा सुरू झाल्या. आता काय करतीया बिचारी? भारा टाकवंना, परत फिरवंना. तवर माझं पाय भाईर आलं. मी आपलं खाली चाचपून बघितलं, तर पायाला वाळू लागली.”

“आं?” लालासाहेबांनी मान वळवायचा प्रयत्न केला.

“वाळू लागली म्हन्ल्यावर मी काय सोडतुय? पाय रोवलं. डोकं अजून आत. दिसत काय न्हवतं, पर धारंचा जोर उजव्या अंगाला लागत हुता, त्यावरनं काठाचा अंदाज घेतला आन् निघालो. एक एक पाऊल. आई वर, भारा त्याच्या वर, आन् समद्यांच्या खाली मी. पैलतीरावर आलो तवा डोकं भाईर काढलं. काढल्या काढल्या पयलं काय बोललो ठावं हाय? म्हन्लं, आई, भारा भिजला न्हाई न्हवं?”

बघायला जमलेले गडी माना डोलवत होते. एकानं तर हात जोडले. नाथाजीनं त्यांच्याकडं बघितलं आणि त्याच्या मनात नेहमीची तुच्छता दाटून आली. यांच्यापेक्षा म्हशी बऱ्या, त्या निदान माना डोलवताना काहीतरी चघळत असतात.

मग त्यानं लालासाहेबांना चौघांकडून उचलून उंबऱ्यावर आडवं पालथं घालायला लावलं, धोतराचा सोगा खोचला, तीनदा फुंकर मारली आणि डावा पाय चांगला मागं नेऊन टाच हाणली. पहिल्या लाथेला लालासाहेबांनी आईला हाक मारली. दुसरीला त्यांनी नाथाजीच्या आईला काही तरी म्हटलं. तिसरीला त्यांच्या कंबरेत कट् असा आवाज झाला, तो अंगणातल्या बैलांनीही ऐकला असेल.

लालासाहेब उठले. आधी गुडघ्यावर, मग भिंत धरून, मग भिंत सोडून. सोप्यात एक फेरी मारली. “आयला!” ते म्हणाले. दुसरी फेरी मारली. “गेली की! शाले, उसण गेली! पट्टी काढ ही डॉक्टराची, आन् कोंबडं धर!”

सगळा सोपा लालासाहेबांकडं बघत होता. म्हणून नाथाजीकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. तो उंबऱ्यापाशी डावा पाय अधांतरी धरून, एका अंगाला झुकून, पाण्यातल्या बगळ्यासारखा उभा होता. तोंड उघडं होतं, आवाज येत नव्हता. तिसरी लाथ मागं नेताना त्याच्याही कंबरेत काहीतरी झालं होतं आणि त्याचा आवाज लालासाहेबांच्या आवाजात मिसळून गेला होता.

“नाथाजीराव, बसा की,” लालासाहेब म्हणाले.

“बसवंना,” नाथाजी म्हणाला.

त्याला ज्या घोंगड्यावरून मघाशी लालासाहेब उठले त्याच घोंगड्यावर पालथं घालण्यात आलं. आता तोही जमिनीशी बोलू लागला. कळ कंबरेतून निघून मांडीत आणि मांडीतून पोटरीत जात होती. श्वास घेतला तरी जात होती, नाही घेतला तरी जात होती. बावीस वर्षं लोक त्याला हेच सांगत आले होते आणि तो त्यांना नाटकी म्हणत आला होता.

“भिऊ नगा,” शालूबाई म्हणाल्या. “आमच्यात बी एक पायाळू हाय. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं सारतो त्यो अर्जुना. बोलवा रं त्याला.”

नाथाजीनं आयुष्यात पहिल्यांदा देवाचं नाव मनापासून घेतलं. ज्या उपायाची तो खासगीत थुंकून थट्टा करायचा तो उपाय आता त्याला हवा होता, आणि खऱ्याखुऱ्या पायाळूचा हवा होता. कंबर जाग्यावर आली तर पुढचं पुढं.

अर्जुना आला. काळाकभिन्न, अंगाला राख, स्वभावानं मवाळ. त्यानं नाथाजीकडं बघितलं आणि दोन्ही हात जोडले.

“आवं, ह्ये मातूर सांगू नगा,” तो म्हणाला. “पायाळूनं पायाळूला लाथ घालायची नसती.”

“का रं?” लालासाहेबांनी विचारलं.

“वीज पडती. एकट्या पायाळूवर बी पडती, म्हनून तर आमी पावसात झाडाखाली हुबं ऱ्हात न्हाई. दोन पायाळू एकमेकांला लागलं तर ती काय सोडतीया व्हय? दोगं बी जायाचं, वर मालकाचं घर बी जळायचं.”

“आरं गड्या, पौष म्हयना हाय!” नाथाजी जमिनीला म्हणाला. “आभाळात ढग तरी हाय का?”

“नसंना. तिला ढगाचं काय?” अर्जुना म्हणाला. आणि सगळ्यांना ते पटलं.

नाथाजी दात खाऊन पडून राहिला. हा अडाणीपणा आहे हे ओरडून सांगायची सोय नव्हती, कारण याच अडाणीपणावर त्यानं बावीस वर्षं कोंबडी खाल्ली होती.

तेव्हा घरातलं दुसरं शहाणपण कामाला लागलं. शालूबाईंची लेक मनुबाई बाळंतपणाला आली होती आणि तिच्यासाठी त्यांनी आपल्या माहेराहून एक सुईण आणवली होती. बयाबाई तिचं नाव. ऐंशीला टेकलेली, डोळ्यांनी अधू, पण हातानं चाचपून पोटातलं पोर कुठल्या कुशीवर आहे ते सांगायची. ती आतल्या खोलीत मनुबाईच्या पायाला तेल लावत होती. तिला हाताला धरून सोप्यात आणली. तिनं नाथाजीच्या कंबरेवर अंगठा फिरवला, एका जागी दाबला, आणि नाथाजी जो काही ओरडला त्यावर मान हलवली.

“पायाळूला लाथ चालत नसंल तर मग डाग,” ती म्हणाली. “दुसरं काय न्हाई. कंबरंला दोन आन् घोट्याला एक. इळा तापवा.”

अर्जुना चुलवाणाकडं पळाला. या कामात वीज पडत नव्हती.

आता नाथाजीपुढं प्रश्न उभा राहिला, म्हणजे आडवा राहिला. खरं सांगितलं की लाथ मिळत होती आणि टाच जात होती. गप्प बसलं की टाच राहत होती आणि तीन ठिकाणी कातडी जात होती. डाग दिलेली माणसं त्यानं पाहिली होती. ती त्याच्याकडं लाथ मागायला यायची तेव्हा त्यांच्या कंबरेवरचे चट्टे दाखवायची आणि तो म्हणायचा, ‘तुमी माणसं का बैलं?’ गोठ्यापलीकडून विळ्याचा लोखंडी वास येऊ लागला, तसा त्यानं लालासाहेबांना जवळ बोलावलं.

“लालासाहेब, कान हिकडं करा. मी पायाळू न्हाई.”

“आं?”

“कवाच नव्हतो. समदी थाप हाय. सरळ मानसासारखा जन्मलोय. अर्जुनाला म्हनावं खुशाल लाथ घाल.”

लालासाहेब इतके हसले की त्यांनी आपली बरी झालेली कंबर धरली.

“भ्यालाय!” ते सोप्याला म्हणाले. “इळ्याला भ्यालाय गडी! म्हनतो मी पायाळूच न्हाई. अरं, मग माझी उसण काय तुज्या मिशा बघून गेली?”

“योगायोग हुता, आवं.”

“आन् गावोगाव सांगत्यात त्या कराडच्या म्हाताऱ्याची? त्यो बी योगायोग? आन् बावीस वर्सं? गप पड नाथाजीराव. तुज्यासारक्या देवमानसानं असं बोलू नये.”

नाथाजीला त्यांचा इतका संताप आला की क्षणभर कळ विसरली. जन्मभर ज्यांना तो मूर्ख म्हणत आला ते इतके पक्के मूर्ख निघतील असं त्याला वाटलं नव्हतं. नदीच्या धारेतून आईला डोक्यावर घेऊन चालत आलेलं पोर त्यांनी पचवलं होतं, आणि चार शब्दांचं खरं त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

विळा आला. अर्जुनानं तो चिंध्यांत धरला होता, आणि टोकाशी तो पिकल्या टोमॅटोसारखा लाल होता. चौघांनी नाथाजीचे हातपाय दाबले. बयाबाईनं पुन्हा अंगठ्यानं जागा शोधली.

खरं चालत नाही म्हटल्यावर नाथाजीकडं एकच गोष्ट उरली होती, आणि ती त्याला चांगली येत होती.

“थांबा!” तो किंचाळला. “तुमाला पटायचं न्हाई, पर मी निम्माच पायाळू हाय!”

विळा थांबला.

“निम्मा कसा?” शालूबाईंनी विचारलं.

“मगाशी मी पुरतं सांगितलं न्हाई,” नाथाजी जमिनीला तोंड लावून घाईघाईनं म्हणाला. “नदीत मी पयला डावा पाय काढला. उजवा काढायच्या टायमाला पाण्यात एक सुसर आली. म्हन्ल्यावर उजवा आत ठेवला, तसाच लंगडी घालत घालत पैलतीरी आलो. तवा डाव्या अंगानं मी पायाळू आन् उजव्या अंगानं तुमच्यासारकाच. मला उसण भरलीया ती उजव्या अंगाला! अर्जुनाला म्हनावं उजव्या अंगाला हाण, वीज पडायचं काय काम न्हाई!”

लालासाहेब विचारात पडले. अर्जुनानं विळा खाली केला आणि आभाळाकडं पाहिलं.

“इचार करण्याजोगं हाय,” लालासाहेब म्हणाले. “डाव्या टाचंनंच लाथ मारतो गडी. उजव्या पायानं मारल्याली मी बघितली न्हाई.”

“हाय की न्हाई?” नाथाजीला धीर आला. “माझ्या आईच्यान सांगतो. राहीबाईच्यान.”

“कोन राहीबाई?” बयाबाई म्हणाली. तिचा अंगठा अजून नाथाजीच्या कंबरेवर होता.

“माझी आई. पाटणच्या वरल्या अंगाला, घाटाखालच्या वाडीत...” आणि नाथाजी थांबला. शालूबाईंचं माहेर कुठलं, हे त्यानं विचारलंच नव्हतं.

बयाबाईनं त्याच्या कंबरेवरचा हात उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. केसांतून बोटं फिरवत ती मागं गेली, उजव्या कानाच्या वर एका खड्ड्यापाशी आली, आणि तिथं तिनं बोट घालून बघितलं.

“आमच्या वाडीतल्या राहीचा धाकला,” ती म्हणाली. “नाथ्या!”

“मावशी...” नाथाजी म्हणाला.

“मेल्या, कुटली नदी आन् कुटली सुसर? शिमग्याचा म्हयना हुता, कोयनंत पोरं इटीदांडू खेळत हुती! घरात, जात्यापाशी जन्मलायस तू. दोन रात्री तुज्या आयनं कळा दिल्या, कारन तुजं ह्ये टक्कुरं भाईर निगंना, म्या ह्या बोटानं वडून काढलं, त्याची ही खोक हाय! डोक्याकडनं आलाय ह्यो, अर्जुना, समदाच्या समदा डोक्याकडनं! टाक त्यो इळा, आन् कुटं पायजे तितं घाल लाथ!”